खाशाबांचा हिशेब : हौद्यातून हेलसिंकीला आणि तिथून पोलीस चौकीत

कार्तिकात साजगावची विठोबाची यात्रा पार पडली की आपल्या खालापूर-कर्जतकडं जत्रांचा हंगाम सुरू होतो, तो चैत्र-वैशाखापर्यंत चालतो. पालखी, पाळणे, मिठाई, सुकी मासळी आणि ज्या गावात हौस आहे तिथं दुपारनंतर कुस्त्यांचा फड. पोरासोरांची कुस्ती रेवड्यांवर किंवा नारळावर लागते, मोठ्यांची रोख इनामावर. हलगी वाजते, फेटे उडतात, शेवटच्या कुस्तीला दोन पार्ट्या पडतात. सगळं आटपलं की माणसं घराकडं वळतात. त्या पहिलवानाचं पुढं काय होतं, तो खातो काय, लग्न झाल्यावर खुराक कुणी द्यायचा, गुडघा गेला की काय करायचं, हे कुणी विचारत नाही. तालमीत कमावलेलं शरीर जास्तीत जास्त तिशी-पस्तिशीपर्यंत साथ देतं. पोट मात्र साठ-सत्तर वर्षं भरायचं असतं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचं चरित्र याच अंगानं बघण्यासारखं आहे. ऑलिंपिकचं पदक सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात, स्पर्धा परीक्षेच्या गाईडात त्यांच्यावर एक ओळ असतेच. पण त्या पदकाला पैसा किती लागला, तो आला कुठून, फेडला कसा आणि पदक मिळाल्यावर त्या माणसाच्या पदरात काय पडलं, हा हिशेब कमी लोकांना माहीत आहे.

सातारा जिल्ह्यात कराडला लागून गोळेश्वर गाव आहे. तिथं १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब शेतकरी आणि मातीतले पहिलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरात आजोबांपासून कुस्ती, त्यामुळं पोर चालायला लागलं की लंगोट बांधायचा, अशी रीत. कृष्णा-कोयनेच्या त्या पट्ट्यात जवळपास प्रत्येक गावाला तालीम. दिवसा शेत, सकाळ-संध्याकाळ जोर-बैठका. पहिले धडे खाशाबांना वडिलांनीच दिले. शाळा कराडची टिळक हायस्कूल. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, चिठ्ठ्या-पत्रकं पोचवणं अशी कामं या शाळकरी पोरानं केली. सातारा जिल्हाच तेव्हा पेटलेला होता.

अंगानं माणूस लहानसर. पहिलवान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं येतो तो हत्तीसारखा गडी. खाशाबा तसे कधीच नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकायला गेले तेव्हा वार्षिक स्पर्धेसाठी नाव द्यायला उभे राहिले. क्रीडाशिक्षकांनी त्यांची चण पाहून नाव घ्यायलाच नकार दिला. खाशाबा सरळ प्राचार्य खर्डेकरांकडं गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या बारक्या गड्यानं एकामागून एक मोठे गडी पाडले. त्यांचा हुकमी डाव ढाक. समोरच्याची मान बगलेत धरायची, कमरेचा टेकू द्यायचा आणि उचलून पाठीवर आपटायचं. वजनानं भारी असलेला माणूसही ढाकेत सापडला की हलका होतो. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी या वस्तादांच्या हाताखाली तो डाव आणखी पक्का झाला.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी, हे आपण सहज बोलून जातो. पण ती पंढरी पैशावर उभी होती. शाहू महाराजांनी तालमी बांधल्या, मल्लांना पदरी ठेवलं, खासबागचं मैदान उभं केलं. पहिलवान हा संस्थानचा एक खर्चाचा विषय होता. दूध, तूप, बदाम, मटण, राहायची सोय, सगळं दरबारातून. महाराज १९२२ साली गेले तरी प्रथा चालू राहिली. त्यामुळंच १९४८ साली लंडन ऑलिंपिकला जायची वेळ आली तेव्हा खाशाबांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनला खाशाबा फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोच्या आतल्या गटात उतरले. जन्मभर लाल मातीत लढलेला माणूस तिथं पहिल्यांदा मॅटवर उभा राहिला. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. आपल्याकडं पाठ लागली की निकाल, नाहीतर तास-तास कुस्ती चालायची. तिथं घड्याळ होतं, गुण होते, पंचांच्या शिट्ट्या होत्या. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तिथं त्यांना शिकवलं. ऑस्ट्रेलियाचा आणि अमेरिकेचा असे दोन मल्ल त्यांनी हरवले, इराणच्या मन्सूर रईसीपुढं मात्र हार झाली. सहावा नंबर आला. पहिल्याच खेपेला, परक्या नियमांत, सहावा. खाशाबांना तो पुरेसा वाटला नाही. परत आल्यावर त्यांनी जास्त वजनाच्या गटात, बँटमवेटमध्ये, तयारी सुरू केली.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली, जिचा कुस्तीशी संबंध आहे असं कुणाला वाटलं नसेल. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. लोकशाहीच्या दृष्टीनं उत्तमच झालं. पण पहिलवानाच्या खुराकाचं खातं ज्या वहीत होतं, ती वहीच बंद झाली. जुना आश्रयदाता गेला आणि नवीन सरकारकडं खेळाडूला परदेशी पाठवायची धड व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. खाशाबांची दुसरी ऑलिंपिकवारी नेमकी या दोन काळांच्या फटीत सापडली.

आधी निवडीचाच घोळ झाला. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत बंगालच्या निरंजन दासपेक्षा त्यांना एक गुण कमी दिला गेला आणि संघातलं नाव हुकलं. याच निरंजन दासला त्यांनी यापूर्वी पाडलेलं होतं. हा निकाल पक्षपाती आहे असं खाशाबांचं म्हणणं होतं. गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराजांना कुस्तीची जाण होती, त्यांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावायला लावली. खाशाबांनी निरंजन दासला चितपट केलं आणि हेलसिंकीचं तिकीट पक्कं झालं.

तिकीट पक्कं झालं खरं, पण ते काढायचं कशानं? मुंबई सरकारकडं मदत मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. मग गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली. ज्याच्याकडं रोख होती त्यानं रोख दिली, ज्याच्याकडं नव्हती त्यानं जमेल ते दिलं. तरी मोठी रक्कम उरलीच. ती प्राचार्य खर्डेकरांनी उभी केली. त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये खाशाबांच्या हातावर ठेवले. आजच्या वाचकाला सात हजार म्हणजे मोबाईलची किंमत वाटेल. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला शंभर रुपयांच्या आत होतं. आता गुणाकार ज्याचा त्यानं करावा. शिवाय प्राचार्य म्हणजे काही सावकार नव्हे. पगारदार माणूस, आणि पोरगा नात्यातला ना गोत्यातला. फक्त विद्यार्थी. पदकाच्या गोष्टीत या घराचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो, ते बरोबर नाही.

कराडहून मुंबईला यायचं तर तेव्हाही पुण्याहून खंडाळ्याचा घाट उतरून आपल्याच तालुक्यांतून यावं लागे, रेल्वेनं कर्जत आणि मोटारीनं खोपोली-खालापूर. कोल्हापूर-साताऱ्याचे किती मल्ल मुंबईच्या मैदानांकडं या वाटेनं गेले असतील, त्याची मोजदाद नाही.

हेलसिंकीला जुलै १९५२ मध्ये खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उभे राहिले. पहिली कुस्ती कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनशी. पंधरा मिनिटांची लढत संपत आली होती, शेवटच्या मिनिटात खाशाबांनी त्याची पाठ लावली. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला साडेपाच मिनिटांच्या आतच चीत केलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर हरवलं. लागोपाठ तीन विजय, आणि पदक नजरेच्या टप्प्यात आलं.

मग जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. ही लढत लांबत गेली, शेवटपर्यंत चालली आणि गुणांवर हातची गेली. त्यातून बाहेर पडतात न पडतात तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावलं गेलं. नियमाप्रमाणं दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. तो नियम पुढं करून पंचांशी भांडायला भारतीय पथकातला एकही अधिकारी जागेवर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सोनं, मामेदबेकोवला चांदी, खाशाबांना ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२. आपल्या जत्रेच्या फडातसुद्धा पहिलवानाच्या बाजूनं बोलायला वस्ताद असतो, चार गाववाले असतात. सातासमुद्रापार गेलेल्या माणसाला तेवढंही मिळू नये, याचा राग आजही येतो.

तरीही स्वतंत्र भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, म्हणजे दुसरं पदक थोडक्यात हुकलं. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघानं सुवर्णपदक जिंकलं आणि देशभर कौतुकाचा सगळा ओघ तिकडं गेला. कुस्तीचं ब्राँझ बाजूला पडलं.

कराड मात्र विसरलं नाही. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्या सजवून लोक स्टेशनावर आले होते. ढोल, लेझीम, गुलाल. स्टेशनापासून गोळेश्वरच्या महादेवाच्या देवळापर्यंतची वाट एरवी पंधरा मिनिटांची, त्या दिवशी सात तास लागले असं गावकरी सांगत. ज्यांनी वर्गणी दिली होती, त्या प्रत्येकाला ते पदक आपलं वाटत होतं, आणि ते होतंच.

मिरवणूक संपली आणि खाशाबांनी पहिलं काम काय केलं, तर हिशेब. खर्डेकर सरांचं घर अजून गहाणात होतं. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, तिकिटं लावली, स्वतः लढले, जिंकले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडून घर मोकळं केलं. या माणसाच्या आयुष्यातला खरा धंदेवाईक काळ म्हणायचा तर तो एवढाच. मैदान भरवण्याचं गणित त्यांना जमत होतं, नाव होतं, गर्दी येत होती. ते त्याच वाटेनं पुढं गेले असते तर कदाचित श्रीमंत झाले असते.

कारण ती वाट होती. त्याच काळात पंजाबच्या दारासिंगांनी सिंगापूरपासून मुंबईपर्यंत तिकिटाच्या कुस्त्या करून नाव आणि पैसा दोन्ही कमावलं. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्यांच्या कुस्त्यांना माणसं लोटायची. पुढं ते सिनेमात गेले, निर्माते झाले, मोहालीला स्वतःचा स्टुडिओ काढला. तिकडं जपानमध्ये रिकीडोझान नावाच्या मल्लानं सुमो सोडून तिकिटाच्या कुस्तीची संस्थाच उभी केली आणि त्या पैशावर इमारती, नाइट क्लब असे धंदे मांडले. कुस्तीत भांडवल आहे हे या दोघांनी ओळखलं. खाशाबा ऑलिंपिकच्या शुद्ध कुस्तीतले. हौशी खेळाडूनं कुस्तीचा व्यवसाय करायचा नाही, असा त्या वेळचा ऑलिंपिकचा दंडक होता. आणि त्यांच्या मनात १९५६ चं मेलबर्न होतं. ब्राँझवर समाधान मानणाऱ्यातले ते नव्हतेच.

मेलबर्न मात्र झालं नाही. गुडघ्यानं दगा दिला. पहिलवानाचा गुडघा म्हणजे शेतकऱ्याचा बैल, तो बसला की पेरणी राहिली. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून भरती झाले. वय एकोणतीस. हौद्यातला माणूस आता फिर्यादी, पंचनामे, बंदोबस्त आणि डायऱ्यांच्या दुनियेत आला.

ही नोकरी त्यांनी मन लावून केली. खात्याच्या स्पर्धांतून कुस्ती चालू ठेवली, पोलिसांतल्या नव्या मल्लांना शिकवलं. सुमारे सत्तावीस वर्षं सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा एवढ्या पदाला पोचला हे कमी नाही. पण जगातला तिसरा मल्ल म्हणून सन्मान होणं वेगळं आणि इतर कुणाहीसारखी फाईल सरकत सरकत बढती मिळणं वेगळं. देशाच्या कुस्तीला त्यांच्या डोक्यातल्या माहितीचा उपयोग करून घेता आला असता. मातीतून मॅटवर जाताना काय बदलावं लागतं, हे दोन ऑलिंपिकमध्ये स्वतः भोगून शिकलेला माणूस त्या वेळी आपल्याकडं दुसरा कोण होता? त्याला राष्ट्रीय संघाजवळ बसवायचं सोडून बंदोबस्तावर ठेवलं. क्रीडा संघटनांनी त्यांची म्हणावी तशी विचारपूस केली नाही. निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. शेवटची वर्षं ओढगस्तीची गेली.

१९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले तेव्हा ज्योतीच्या दौडीत खाशाबांना मान मिळाला. हयातीत वाट्याला आलेल्या मोजक्या मानांपैकी तो एक.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अठ्ठावन्न. दोनच दिवस आधी, १२ ऑगस्टला, लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक संपलं होतं. पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं आणि भारताचं पथक एकही पदक न घेता परतलं. हेलसिंकीला बत्तीस वर्षं झाली होती आणि खाशाबांच्या नंतर वैयक्तिक पदक घेणारा दुसरा भारतीय त्यांना बघायलाच मिळाला नाही. तो निघाला १९९६ साली अटलांटाला, टेनिसचा लिअँडर पेस. कुस्तीत तर २००८ च्या बीजिंगपर्यंत, सुशीलकुमारपर्यंत, छप्पन वर्षं वाट पाहावी लागली.

मग सन्मान सुरू झाले, माणूस गेल्यावर. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर, २००० सालचा. पद्म पुरस्कार हयातीत मिळालाच नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा आता राज्यात क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. आपल्या तालुक्यांतल्या शाळांतही त्या दिवशी फोटोला हार पडतो. हार घालणाऱ्या पोरांना फोटोतल्या माणसाचं गाव आणि खर्डेकर सरांचं घर सांगितलं जातं की नाही, ते शिक्षकांनीच बघावं.

गोळेश्वरला त्यांच्या नावानं कुस्ती संकुल बांधायची घोषणा सरकारनं केली. निधी जाहीर झाला, वर्षं उलटली, काम काही पुरं होईना. शेवटी २०१७ साली घरच्यांनी जाहीर केलं की संकुलासाठी पदकाचा लिलाव करू. ज्या पदकासाठी एका प्राचार्यानं घर गहाण टाकलं, ते पदक विकायची भाषा मल्लाच्या घरातून यावी, इथपर्यंत पाळी आली. बातमी सगळीकडं छापून आली, तेव्हा कुठं धावपळ झाली.

काळ बदलला हेही सांगायला हवं, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून सुरू झाली आणि मातीतल्या मल्लाला राज्याचा एक किताब मिळाला. पुढच्या काळात नरसिंग यादव, विजय चौधरी अशा महाराष्ट्र केसरींना सरकारनं थेट पोलीस उपअधीक्षकाच्या पदावर घेतलं. खाशाबांनी जिथून सुरुवात केली त्यापेक्षा वरची पायरी ही, आणि किताब ऑलिंपिकचा नसून राज्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. महाराष्ट्राच्या खेळाडूचं खाशाबांनंतरचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बहात्तर वर्षांनी. तोही पगारदार, रेल्वेत तिकीट तपासनीस. पदक मिळाल्याबरोबर रेल्वेनं बढती दिली आणि राज्य सरकारनं त्याच आठवड्यात एक कोटीचं बक्षीस जाहीर केलं.

एक कोटी आणि सात हजार. त्या सात हजारांची परतफेडही पहिलवानानं स्वतःच लढून केलेली. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचं नाव आहे ऑलिंपिक निवास.